थकलेले अणुविद्युत केंद्र : बंद करताना काय तोलावे?

(बेळगुंदी येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रत्येक यंत्राला वय असते. बेळगाव-निपाणी भागातील शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. गुऱ्हाळाचा चरक झिजतो, विहिरीवरील पंपाची मोटार जळते, औताचा बैल थकतो. मग घरात विचार सुरू होतो : आणखी एक हंगाम दुरुस्तीवर काढावा, की आताच बदल करावा? चरक मोडीत घालता येतो, मोटार पुन्हा भरून घेता येते, आणि व्यवहार तेथे संपतो. अणुविद्युत केंद्राचे तसे नाही. ते उभारण्यास जेवढे ज्ञान, पैसा आणि शिस्त लागते, जवळजवळ तेवढीच ते बंद करण्यासही लागते. आणि बंद केल्यावरही त्याची राखण काही पिढ्यांना करावी लागते.

हा विषय या भागाला परका नाही. खानापूरच्या दक्षिणेस जंगल आणि घाट ओलांडून गेले की काळी नदीच्या खोऱ्यात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, कैगा येथे अणुविद्युत केंद्र आहे. तेथे प्रत्येकी २२० मेगावॅटचे चार घटक आहेत. पहिले दोन २००० साली, तिसरा २००७ साली आणि चौथा २०११ साली व्यापारी तत्त्वावर चालू झाला. कैगा अद्याप वृद्ध झालेले नाही. परंतु वार्धक्याचा प्रश्न देशात ज्या ठिकाणी प्रथम उभा राहिला, ते ठिकाण मराठी मुलखातीलच आहे. ते म्हणजे तारापूर. म्हणून तारापूरची हकीकत समजून घेतली, तर उद्या कैगाविषयी कोणते प्रश्न विचारावयाचे हे आजच ध्यानात येईल.

तारापूरची पन्नास वर्षे

१९६३ च्या ऑगस्टमध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि त्यानुसार तारापूर येथे समुद्रकाठी, तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यात, देशातील पहिले अणुविद्युत केंद्र उभे राहिले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याचे दोन्ही घटक व्यापारी तत्त्वावर चालू झाले. प्रत्येक घटकाची शक्ती २१० मेगावॅट होती. त्यातील वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना मिळू लागली.

या भट्ट्यांची रचना सोपी करून सांगावयाची, तर ती एका मोठ्या बंद हंड्यासारखी आहे. हंड्यात समृद्ध युरेनियमच्या कांड्या उभ्या असतात. त्यांच्यातील अणू फुटतात, उष्णता निर्माण होते, भोवतीचे पाणी उकळते आणि त्या वाफेवर जनित्र फिरते. वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी समुद्राचे पाणी घेतले जाते व किंचित गरम होऊन ते समुद्रास परत मिळते. कोळशाच्या केंद्रातही वाफच जनित्र फिरवते. फरक आहे तो चुलीत.

केंद्राचा मार्ग सरळ नव्हता. १९७४ सालच्या पोखरणच्या चाचणीनंतर अमेरिकेकडून इंधन मिळण्यात अडथळे आले. पुढे १९८२ साली फ्रान्सशी बोलणी होऊन तेथून इंधन आले, व नंतरच्या काळात चीन आणि रशिया यांच्याकडून आले. १९८० नंतरच्या दशकात वाफ तयार करणाऱ्या काही पात्रांतील नळ्यांना गळती लागली. ती पात्रे वापरातून काढावी लागली आणि प्रत्येक घटकाची शक्ती २१० वरून १६० मेगावॅटवर आणावी लागली. माणूस साठीत गेल्यावर पूर्वीइतके ओझे उचलत नाही, तसेच हे झाले. तथापि केंद्र चालत राहिले, आणि बांधकामाचा खर्च केव्हाच फिटलेला असल्यामुळे त्याची वीज देशातील स्वस्त विजांत गणली जाऊ लागली.

२००५ व २००६ साली त्याच आवारात प्रत्येकी ५४० मेगावॅटचे दोन नवे घटक चालू झाले. त्यांच्यासाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. जुने दोन घटक मात्र तेच राहिले; जगातील सर्वांत जुन्या चालू वीजभट्ट्यांत त्यांची गणना होऊ लागली.

२०२० साली दोन्ही जुने घटक थांबविण्यात आले. पन्नास वर्षे सतत उष्ण पाणी वाहून नेणाऱ्या मुख्य नळ्यांचे आयुष्य सरत आले होते. येथे दोन वाटा होत्या. एक, केंद्राला कायमचा निरोप देणे; दुसरी, नळ्या बदलून, तपासण्या करून त्याचे आयुष्य वाढविणे. निर्णय झाला तो दुसऱ्या वाटेचा. तो बरोबर की चूक, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते आधी पाहावे लागते.

पहिले पारडे : जुन्या भट्टीचा धोका

भट्टीच्या पोलादावर अणूंच्या विघटनातून निघणाऱ्या कणांचा अखंड मारा होत असतो. वर्षानुवर्षांच्या या माऱ्याने पोलाद ठिसूळ होत जाते. नळ्यांच्या जोडांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. तारांवरील आवरणे सुकतात. यांतील पुष्कळ भाग बदलता येतात. परंतु ज्या पात्रात भट्टी पेटते, ते मुख्य पात्र बदलणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असते. केंद्राचे खरे आयुष्य त्या पात्राच्या आयुष्याशी बांधलेले असते.

दुसरी अडचण रचनेची आहे. १९६० च्या दशकातील अभियंत्यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे केंद्र बांधले. त्यानंतर जगाने तीन मोठे अपघात पाहिले : १९७९ साली अमेरिकेतील थ्री माईल आयलंड, १९८६ साली चेर्नोबिल आणि २०११ साली जपानमधील फुकुशिमा. यांतील फुकुशिमाच्या भट्ट्या तारापूरच्याच कुळातील होत्या. हंड्यात पाणी उकळवून थेट वाफ घेणाऱ्या. तेथील पहिला घटक १९७१ साली चालू झाला होता. चाळीस वर्षे पूर्ण होत आली, तेव्हा २०११ च्या फेब्रुवारीत त्याला आणखी दहा वर्षे चालविण्याची परवानगी मिळाली. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली. अवघ्या एका महिन्यापूर्वी दिलेली परवानगी जपानच्या स्मरणात कायमची राहिली.

याचा अर्थ जुने केंद्र अपघात करणारच असा होत नाही. फुकुशिमानंतर भारतातील सर्व केंद्रांची नव्याने तपासणी झाली आणि वीज पूर्णपणे गेली तरी भट्टीत पाणी सोडता येईल अशा जादा व्यवस्था करण्यात आल्या. अणुऊर्जा नियामक मंडळ हे १९८३ साली स्थापन झालेले मंडळ केंद्रांना मुदतीचा परवाना देते आणि मुदत संपली की पुन्हा तपासते. परंतु जुन्या इमारतीला नवा गिलावा किती वेळा द्यावा यालाही मर्यादा असते. ती मर्यादा कोणत्या वर्षी आली, हे चालविणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. तपासणाऱ्याने ठरवावे, आणि त्याची कारणे शेजारच्या गावांना कळावीत, ही अपेक्षा रास्त होय.

दुसरे पारडे : त्याच्या जागी काय येते?

समजा, तारापूरचे जुने दोन घटक कायमचे बंद केले. विजेची मागणी त्या दिवशी कमी होत नाही. घरातील दिवे, कारखाने, पाण्याचे पंप तसेच चालू राहतात. मग ती वीज दुसऱ्या कोणत्या तरी चुलीतून येते. केंद्र बंद करण्याचा पर्यावरणावरील परिणाम मुख्यतः या दुसऱ्या चुलीवर अवलंबून असतो.

शिक्षकांनी वर्गात करून दाखवावा असा हा हिशेब आहे. दोन्ही घटकांची मिळून शक्ती ३२० मेगावॅट. वर्षातील तासांपैकी शेकडा ८० तास ते पूर्ण शक्तीने चालले, तर वर्षाला सुमारे २२४ कोटी युनिट वीज मिळते. तेवढीच वीज कोळशापासून करावयाची, तर एका युनिटला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरून वर्षाला चौदा-पंधरा लाख टन कोळसा जाळावा लागेल. म्हणजे दररोज चार हजार टन. सुमारे एक पूर्ण मालगाडी. देशी कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४० असते. तेव्हा वर्षाला जवळजवळ पाच लाख टन राख उरेल आणि वीस लाख टनांवर कर्बद्विवायू हवेत जाईल. उलट, तेवढ्याच विजेसाठी तारापूरला लागणारे वर्षाचे युरेनियम इंधन काही थोड्या ट्रकांत मावते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. तारापूरच्या उत्तरेस डहाणू आहे. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या तालुक्यात ५०० मेगावॅटचे कोळशावरील वीज केंद्र १९९५ च्या सुमारास चालू झाले. बागाईतदारांना राखेची आणि गंधकयुक्त धुराची धास्ती होती. १९९१ च्या जूनमध्ये केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९६ साली निकाल झाला, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाच्या आग्रहाने धुरातील गंधक काढून टाकणारे संयंत्र अखेर २००७ साली बसले. एकाच किनाऱ्यावर, शेजारशेजारच्या तालुक्यांत, एकीकडे किरणोत्साराची भीती आणि दुसरीकडे राखेची. पालघरच्या रहिवाशांनी दोन्ही अनुभवल्या आहेत.

मग सूर्यापासून वीज का घेऊ नये, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो योग्य आहे. कर्नाटकातच, तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे, सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. तेथील दुष्काळी जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाड्याने घेतली गेली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. त्या प्रमाणाने पाहिले, तर तारापूरच्या जुन्या दोन घटकांची वर्षाची वीज सूर्यापासून मिळविण्यास सात-आठ हजार एकर जमीन लागेल. दिवसा ती वीज मुबलक मिळेल. परंतु संध्याकाळी सात वाजता, जेव्हा प्रत्येक घरात दिवा लागतो, तेव्हा सूर्य नसतो. ती वीज साठवून ठेवण्यासाठी मोठ्या विद्युत्‌घटमाला हव्यात, किंवा पाणी दिवसा वर चढवून रात्री खाली सोडणारे प्रकल्प हवेत. शरावती खोऱ्यात असा दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प योजला गेला, तेव्हा सह्याद्रीच्या अरण्याचे काय होईल हा वाद लगेच उभा राहिला. एकंदरीत, कोणतीही वीज पूर्णपणे निर्मळ नाही. कोणी हवा मागते, कोणी जमीन, कोणी अरण्य, आणि कोणी शेकडो वर्षांची राखण.

अणुविजेलाही हा नियम चुकलेला नाही. कैगा येथील भट्ट्यांना लागणारे युरेनियम झारखंडातील जादुगुडासारख्या देशी खाणींतून येते. ते काढल्यावर उरणारा गाळ तेथील गावांजवळच्या तलावांत साठतो. तारापूर व कैगा यांची चूल धूर देत नाही म्हणून तिचा भार कोठेच पडत नाही, असे समजणे चुकीचे ठरेल.

परदेशांचा अनुभव

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, हडसन नदीच्या काठी, इंडियन पॉइंट नावाचे केंद्र होते. शहराच्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा ते पुरवीत असे. एवढ्या मोठ्या वस्तीजवळ अणुभट्टी असणे धोक्याचे, आणि नदीचे पाणी ओढताना माशांची अंडी व पिल्ले मरतात, या दोन कारणांनी ते बंद करण्याची मागणी अनेक वर्षे होत होती. ३० एप्रिल २०२० आणि ३० एप्रिल २०२१ रोजी त्याचे शेवटचे दोन घटक बंद झाले. नदीतील माशांचा एक मोठा त्रास संपला. परंतु गेलेल्या विजेची जागा प्रामुख्याने नैसर्गिक वायू जाळून भरली गेली आणि हवेत जाणारा कर्बद्विवायू वाढला. नदीचा लाभ झाला, तो हवेच्या खर्चाने.

जर्मनीने फुकुशिमानंतर आठ भट्ट्या एकदम बंद केल्या आणि १५ एप्रिल २०२३ रोजी अखेरच्या तीन बंद केल्या. या बारा वर्षांत त्या देशाने वारा आणि सूर्य यांपासून मिळणारी वीज पुष्कळ वाढविली. परंतु त्या नव्या विजेचा मोठा भाग अणुविजेची रिकामी जागा भरण्यात गेला, आणि कोळशाची केंद्रे अधिक काळ चालत राहिली. अणुभट्ट्यांच्या आधी कोळसा बंद केला असता तर काय झाले असते, यावर तेथील जाणकार अजूनही वाद घालतात.

कॅलिफोर्नियाने याच्या उलट केले. तेथील डायब्लो कॅन्यन हे केंद्र २०२५ पर्यंत बंद करण्याचे २०१६ साली ठरले होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये उष्णतेच्या लाटेत विजेचा तुटवडा पडला, आळीपाळीने वीज तोडावी लागली. त्यानंतर २०२२ साली कायदा करून केंद्र २०३० पर्यंत चालू ठेवण्याची वाट मोकळी करण्यात आली.

या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट ध्यानात येते. बंद करण्याची तारीख आधी ठरली आणि बदली वीज मागाहून शोधली, तर पर्यावरणाच्या नावाने घेतलेला निर्णय पर्यावरणालाच महाग पडू शकतो. तसेच, बदली वीज तयार नाही या सबबीवर थकलेली भट्टी वर्षानुवर्षे रेटीत राहणे, हा उलट बाजूचा तितकाच मोठा दोष होय.

भट्टी विझते, उष्णता विझत नाही

आता केंद्र बंद झाल्यानंतरच्या कामाकडे वळू. चुलीतील लाकूड ओढून घेतले तरी निखारे काही वेळ धगधगत राहतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. अणुभट्टीतही तसेच घडते, मात्र फार मोठ्या प्रमाणावर. तारापूरची एक भट्टी मूळच्या पूर्ण शक्तीने चालत असे तेव्हा सुमारे ६६० मेगावॅट उष्णता देत असे. ती थांबविल्याच्या क्षणीही इंधनातून त्याच्या शेकडा सहा ते सात इतकी, म्हणजे चाळीस मेगावॅटच्या आसपास उष्णता निघत असते. दिवसागणिक ती घटते, परंतु काही वर्षे ते इंधन खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवावेच लागते. फुकुशिमात भट्ट्या भूकंप होताच थांबल्या होत्या. घात केला तो या उरलेल्या उष्णतेने, कारण ती काढून नेणारे पंप बंद पडले.

इंधन बाहेर काढल्यावर उरते ती इमारत, पोलाद आणि काँक्रीट. यांतही किरणोत्सार शिरलेला असतो. येथे काळ हाच औषध आहे. कोबाल्ट-६० या द्रव्याचा किरणोत्सार सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. पन्नास वर्षे थांबले, तर तो सातशेव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणून काही देश केंद्र लगेच मोडतात, तर काही ते कुलूपबंद करून अर्धशतक थांबतात. लगेच मोडले तर केंद्राची खडान्‌खडा माहिती असलेले कामगार हाताशी असतात. थांबले तर मोडणाऱ्यांच्या अंगावर किरणोत्सार कमी पडतो, पण जाणते कामगार तोवर निवृत्त झालेले असतात. दोन्ही पद्धतींत लाभ आहेत आणि हानीही आहे.

भारतात या कामाचा अनुभव अद्याप थोडा आहे. मुंबईजवळ तुर्भे येथील सायरस ही संशोधनाची भट्टी १९६० साली पेटली आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची थांबविण्यात आली. राजस्थानात रावतभाटा येथील पहिला घटक १९७३ साली चालू झाला. २००४ पासून त्याने वीज दिलेली नाही. परंतु मोठी वीजभट्टी पूर्ण मोडून तेथील जमीन पुन्हा मोकळी केली, असे उदाहरण आपल्या देशात अजून घडलेले नाही.

अमेरिकेतील मेन यांकी या केंद्राची कथा येथे उपयोगी पडेल. १९७२ पासून १९९६ पर्यंत त्याने वीज दिली. १९९७ साली ते बंद करण्याचे ठरले आणि २००५ पर्यंत इमारती पाडून जागा स्वच्छ करण्यात आली. या कामास पन्नास कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला. आज त्या समुद्रकाठी केंद्राची खूण म्हणून काँक्रीटची मोठी पिंपे उभी आहेत. त्यांत वापरलेले इंधन आहे. ते न्यावयास कायमची जागा देशात तयार न झाल्यामुळे, वीज न देणाऱ्या त्या जागेवर रात्रंदिवस पहारा ठेवावा लागतो.

भारताचे धोरण थोडे निराळे आहे. वापरलेल्या इंधनातील उपयोगी द्रव्य वेगळे काढून पुन्हा वापरावे आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव काचेत मिसळून घट्ट करावा, असे ते धोरण होय. या दोन्ही कामांची व्यवस्था तारापूर येथेच आहे. त्यामुळे कचऱ्याचे आकारमान कमी होते. परंतु काचेच्या त्या ठोकळ्यांनाही शेवटी जमिनीत खोल, कायमची जागा लागणारच. फिनलंडने ओल्किलुओतो येथे चारशे मीटरांहून अधिक खोल खडकात अशी जागा कोरून काढली आहे.

पैसा आणि माणसे

हा खर्च कोणी करावयाचा? तो वीज वापरणाऱ्याने, वीज वापरतानाच करावा, हे तत्त्व आपल्याकडे मान्य झालेले आहे. अणुविजेच्या प्रत्येक युनिटामागे दोन पैसे केंद्राच्या मोडणीसाठी बाजूला काढले जातात. वर सांगितलेल्या २२४ कोटी युनिटांवर ही रक्कम वर्षाला साडेचार कोटी रुपयांच्या आसपास भरते. अमेरिकेतील मजुरी आणि पद्धती वेगळ्या, त्यामुळे मेन यांकीच्या खर्चाशी तिची तंतोतंत तुलना होणार नाही. तरीही दोन आकडे शेजारी ठेवले की साठा पुरेल काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. तो प्रश्न आज विचारणे हे नातवंडांवर कर्ज न ठेवण्याचे लक्षण आहे.

पैशाइतकाच माणसांचा विचार महत्त्वाचा आहे. बेळगुंदीच्या शेजारी राकसकोपचा जलाशय आहे आणि त्याचे पाणी बेळगाव शहर पिते. सोय शहराची आणि जलाशय गावाच्या शिवारात, हा अनुभव येथील जुन्या माणसांना नवा नाही. तारापूरच्या आसपासच्या कोळी वस्त्यांची आणि पोफरण-अक्करपट्टीच्या विस्थापितांचीही स्थिती अशीच आहे. केंद्र उभारताना त्यांनी जमीन, समुद्रकाठ आणि मासेमारीचा वावर गमावला. केंद्र चालू असताना काहींना तेथे व बोईसरमध्ये काम मिळाले. केंद्र कायमचे बंद होईल तेव्हा ते काम जाईल. मात्र इंधनाचे हौद व पिंपे तेथेच राहतील. म्हणजे लाभ निघून जाईल आणि भार मागे उरेल. बंद करण्याच्या योजनेत या गावांसाठी पर्यायी रोजगार, नियमित आरोग्य तपासणी आणि किरणोत्साराच्या मोजणीचे उघड फलक यांना स्थान नसेल, तर ती योजना अपुरी म्हणावी लागेल.

कैगासाठी आजच

कैगाच्या जन्मावेळी याविषयी बरीच चर्चा झाली होती. ज्येष्ठ कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांनी पश्चिम घाटाच्या अरण्यासाठी या प्रकल्पास विरोध केला, आणि त्यासाठी १९८९ साली, उतारवयात, लोकसभेची निवडणूकही लढविली. बांधकाम चालू असताना १३ मे १९९४ रोजी पहिल्या घटकाच्या घुमटाचा आतील भाग कोसळला. घुमटाची रचना सुधारून तो पुन्हा बांधावा लागला. आणि त्याच पहिल्या घटकाने पुढे २०१६ ते २०१८ या काळात ९६२ दिवस अखंड चालून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. विरोधकांची काळजी आणि चालविणाऱ्यांचे कौशल्य या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

चाळीस वर्षांचे आयुष्य धरले, तर कैगाच्या पहिल्या घटकांचा प्रश्न २०४० च्या सुमारास ऐरणीवर येईल. दुरुस्तीने तो काही वर्षे पुढे जाईल, टळणार नाही. आज बेळगुंदीच्या शाळेत पहिलीत बसणारे मूल त्या वेळी मतदार झालेले असेल. त्या मुलाला उत्तर पाठ करून देण्याची आवश्यकता नाही. प्रश्न मात्र शिकविले पाहिजेत. भट्टीचे मुख्य पात्र किती निर्धोक आहे, आणि ते कोणी तपासले? तिच्या जागी येणारी वीज कोठून येणार, दिवसाची आणि रात्रीची? वापरलेले इंधन कोठे राहणार, किती काळ? मोडणीचा पैसा जमा आहे काय? शेजारच्या गावांना काय मिळणार?

शिक्षकांनी हे प्रश्न विज्ञानाच्या आणि गणिताच्या तासाला घ्यावेत. अधिकाऱ्यांनी त्यांची उत्तरे सोप्या मराठीत व कन्नडमध्ये ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोहोचवावीत. ग्रामस्थांनी ती वाचून, न पटल्यास पुन्हा विचारावीत. भारत सरकारने २०४७ पर्यंत अणुविजेची शक्ती एक लक्ष मेगावॅटपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट २०२५ साली जाहीर केले आहे. जितकी केंद्रे नव्याने उभी राहतील, तितकी पुढे थकतीलही. म्हणून नव्या केंद्राचा पाया घालतानाच त्याच्या अखेरच्या दिवसाचे नियोजन कागदावर असणे आवश्यक आहे.

शेतकरी नवी विहीर खणतो तेव्हा काढलेली माती कोठे टाकावयाची, हे पहिल्या कुदळीपूर्वी ठरवितो. शेजाऱ्याच्या बांधावर ती टाकली तर भांडण होते, आणि आपल्याच पिकात टाकली तर नुकसान होते. अणुविजेच्या बाबतीत हाच शहाणपणा मोठ्या प्रमाणावर लागू करावयाचा आहे. तारापूरच्या वृद्ध भट्ट्यांनी पन्नास वर्षे प्रकाश दिला. त्यांचा निरोप केव्हा घ्यावा, हे तज्ज्ञांनी तपासून सांगावे. तो कसा घ्यावा, आणि मागे राहणाऱ्या भाराची वाटणी कशी व्हावी, हे ठरविताना मात्र त्या प्रकाशात वाढलेल्या सर्वांचे मत विचारात घेतले गेले पाहिजे.